अध्यक्षांच्या पोटातली ज्यूनो

नोकरी मागायला गेले तेव्हा डॉक्टरांनी माझं शिक्षण, अनुभव, व्हिसा, काही म्हणजे काही विचारलं नाही. त्यांनी एप्रनच्या खिशातून एक चांदीचं नाणं काढलं, चिमट्यात धरलं, पेशंटच्या खुर्चीवरचा मोठा दिवा त्याच्यावर वळवला आणि म्हणाले, "वहिनी, या बाईंचा खालचा जबडा बघा. काय वाटतं?"

मी वाकून बघितलं. आपल्या जुन्या पंचवीस पैशाएवढं नाणं. त्याच्यावर एका बाईचा चेहरा. घट्ट अंबाडा, सरळ नाक, आणि हनुवटी अशी की पावसात तिच्यावर पाणी साठेल.

"जरा पुढे आलाय," मी म्हणाले.

"जरा?" डॉक्टर दुखावले. "ही साक्षात व्हीनस आहे. प्रेमाची देवता. अख्खं रोम हिच्यासाठी वेडं होतं, आणि हिला साधी काकडी चावता येत नसणार. रविवारपासून या."

माझा नवरा तेव्हा मेट्रोच्या कामावर होता आणि डॉक्टरांनी त्याची अक्कलदाढ काढली होती. तेवढ्या नात्यावर मी वहिनी झाले आणि दोह्याच्या बिन महमूद भागातल्या त्या दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसायला लागले. खाली मल्याळी कॅफेटेरिया, वर आम्ही. दवाखान्याचा मालक कतारी, पण सगळा कारभार डॉक्टरांकडे. डॉक्टर मूळचे नाशिकचे. वय पन्नाशीचं, डोक्यावर केस बेताचे, आणि स्वतःचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले. "तुम्ही स्वतःचे का नीट करून घेत नाही?" असं पेशंटनी विचारलं की ते म्हणायचे, "माझा दुसऱ्या कुठल्या डेंटिस्टवर विश्वास नाही."

तो काळ फुटबॉल वर्ल्ड कपच्या तयारीचा. सगळं दोहा खणून ठेवलेलं. सकाळी ज्या रस्त्यानं दवाखान्यात यावं तो दुपारी घरी जाताना नसायचा. पेशंट हमखास उशिरा यायचे आणि सगळ्यांचं कारण एकच असायचं, डायव्हर्जन. खिडकीबाहेर रस्ता फोडायचं मशीन आणि आत डॉक्टरांचं मशीन एका सुरात चालू झालं की खुर्चीतल्या माणसाला कळायचं नाही की नेमकं काय फुटतंय. पण धंदा जोरात होता. स्टेडियमवरचे, मेट्रोवरचे, हायवेवरचे इंजिनियर झोपेत दात खायचे. डेडलाइन जवळ येईल तसे दाढांचे तुकडे पडायचे. कुठल्या प्रोजेक्टचं काम किती मागे पडलंय हे आम्हाला पेपरात यायच्या आधी समजायचं.

"मॅनेजर आहे ना? चारही दाढा सपाट. बिचाऱ्याचं छप्पर अजून बसलेलं नाही," डॉक्टर एक्स-रे बघत म्हणायचे.

आणि मग भूल द्यायचे. भूल चढायला थोडा वेळ लागतो. तो वेळ डॉक्टरांचा. पेशंट आडवा, तोंड बधिर, उठून जायची सोय नाही. असा श्रोता मिळाला की डॉक्टरांचा हात खिशात जायचा.

प्राचीन रोमची चांदीची नाणी हा त्यांचा छंद. देनारियस म्हणतात त्या नाण्याला. एका बाजूला राजा, राणी नाहीतर एखादं मुंडकं, दुसऱ्या बाजूला बहुतेक वेळा कुणीतरी देव. राजांमध्ये डॉक्टरांना रस नव्हता. "राजे काय, आपल्या आजूबाजूलाही आहेत," असं ते हळू आवाजात म्हणायचे. त्यांना देव हवे असायचे. युरोपातल्या लिलावांमधून ती नाणी कागदपत्रांसकट मागवायचे आणि दात सरळ करायच्या तारा ठेवायला ज्या गुलाबी-निळ्या प्लास्टिकच्या डब्या मिळतात, त्यांत ठेवायचे. एकदा एका शाळकरी मुलीला तिच्या तारेच्या डबीऐवजी घाईत भलतीच डबी गेली. तिच्या आईचा फोन आला, "डॉक्टर, आमच्या डबीत एक कपडे न घातलेला माणूस आहे." डॉक्टर म्हणाले, "तो मार्स आहे, घाबरू नका. युद्धावरून आलाय."

देवांना त्यांनी नोकऱ्या वाटून दिल्या होत्या. ज्युपिटर म्हणजे चेअरमन. हातात वीज, कामं दुसऱ्यांनी करायची. मर्क्युरी कुरियरवाला. दोन तोंडांचा जानस हा प्रोजेक्ट मॅनेजर, एक तोंड क्लायंटकडे, दुसरं सबकॉन्ट्रॅक्टरकडे. मिनर्व्हाबद्दल त्यांना आदर होता. "सगळ्या देवांमध्ये हेल्मेट घातलेली ही एकटी. हिला कुठल्याही साइटवर सोडतील. बाकीचे गेटवरूनच परत."

पोस्टात पार्सल सोडवायला ते मला बरोबर न्यायचे, कारण बरोबर बाई असली की आपण सज्जन दिसतो असं त्यांचं मत होतं. एकदा तिथल्या अधिकाऱ्यानं पाकीट उघडलं, नाणं उलटसुलट केलं आणि विचारलं, "गोल्ड?"

"नो. ओल्ड सिल्व्हर."

"धिस मॅन हू?"

डॉक्टरांनी नाणं बघितलं, मग अधिकाऱ्याच्या सुजलेल्या गालाकडे बघितलं आणि म्हणाले, "फर्गेट हिम. हाऊ लाँग यू हॅव धिस पेन?" पाच मिनिटांत तो अधिकारी खिडकीपाशी तोंड उघडून उभा होता आणि डॉक्टर मोबाइलच्या उजेडात त्याची दाढ बघत होते. पार्सल मिळालं. दुसऱ्या दिवशी तो पेशंट म्हणून आला आणि भूल चढेपर्यंत त्याला 'धिस मॅन हू' याचं सविस्तर उत्तर ऐकावं लागलं.

डॉक्टरांची बायको आणि मुलगी नाशिकला. मुलीच्या शिक्षणासाठी आधी वर्षभर म्हणून गेल्या आणि तिकडेच राहिल्या. रोज दुपारी डॉक्टर खालच्या कॅफेटेरियातून पराठा आणि अंडं मागवायचे, आणि नेमका घास तोंडात असताना बायकोचा फोन यायचा. फोन ते स्पीकरवर ठेवायचे, कारण हाताला तेल.

"अहो, जेवलात?"

"जेवतोय."

"काय?"

"भाजी-पोळी."

"कधी येताय?"

"हा वर्ल्ड कप एकदा होऊ दे."

"तुम्ही खेळणार आहात का त्यात?"

यावर डॉक्टर मोठ्यानं हसायचे आणि पराठ्याचा दुसरा तुकडा तोडायचे. मला हे संभाषण पाठ झालं होतं. पलीकडून मात्र हसल्याचा आवाज कधी आला नाही.

त्यांच्या सगळ्या देवांमध्ये लाडकी एकच, ज्यूनो. ज्युपिटरची बायको, लग्नसंसाराची देवता. नाण्याच्या एका बाजूला कुणी राणी आणि दुसऱ्या बाजूला ही उभी, अंगभर वस्त्र, हातात काठी, पायाशी मोर. ही डबीत नसायची. एप्रनच्या वरच्या खिशात, पेनाशेजारी. कारण विचारलं तेव्हा त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं.

"तोंड बघा. हसतेय."

खरंच, त्या तिळाएवढ्या चेहऱ्यावर ओठांच्या जागी एक बारीक काळी रेघ होती आणि ती एका कडेला वर गेली होती.

"रोमन देव हसत नाहीत, वहिनी. मी शेकडो तोंडं पाहिलीत. आणि पेशंट तर माझ्याकडे बघून कोणी हसतच नाही. दिवसभरात हसणारं तोंड एवढं एकच दिसतं मला."

म्हणून त्या नाण्याला कुणी बोट लावायचं नाही. पुसायचं नाही, धुवायचं तर नाहीच. जुनं नाणं घासणं म्हणजे खून, असं ते म्हणायचे. दिवसभर लोकांचे दात घासून पांढरे करणारा माणूस हे म्हणतोय यात त्यांना काही गंमत वाटायची नाही.

आणि मग एके दिवशी अध्यक्ष आले.

अध्यक्ष म्हणजे आमच्या इथल्या एका मराठी मंडळाचे. त्यांची नळ आणि तोट्या पुरवणारी कंपनी होती आणि एका स्टेडियममधल्या स्वच्छतागृहांचं काम मिळावं म्हणून ते वर्षभर धडपडत होते. गणपती असो, कोजागिरी असो, भाषणात नळ यायचेच. त्यांची खालची दाढ किडली होती. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि अध्यक्षांचं बोलणं थांबलं. दोह्यातल्या मराठी माणसांना हा अनुभव दुर्मीळ होता.

मी बाहेर काउंटरवर होते. आतून डॉक्टरांचा आवाज येत होता. "हिचा नवरा एक नंबरचा उडाणटप्पू. पण ही बघा कशी उभी आहे. आणि हा मोर..."

"ओर?" अध्यक्ष म्हणाले. ओठ बधिर झालेला, त्यामुळे म फुटला नाही, पण तोंड मात्र पूर्ण उघडलं.

मग काहीतरी बारीक खणकन वाजलं. दातावर धातू आपटल्याचा आवाज. त्यानंतर एक घोट.

"हलू नका!" डॉक्टर किंचाळले. "चावू नका!"

मी आत धावले. आमची फिलिपिनो असिस्टंट सक्शनचा पाइप अध्यक्षांच्या घशापर्यंत घालत होती. डॉक्टरांच्या हातात रिकामा चिमटा. अध्यक्ष खुर्चीत उठून बसलेले, डोळे बटाट्याएवढे.

"हाय हेलं?" त्यांनी विचारलं. काय गेलं, असं.

"ज्यूनो," डॉक्टर म्हणाले.

खोकला नव्हता, श्वास नीट होता. तरी नाणं श्वासनलिकेत गेलं नाही ना, हे बघणं भाग होतं. डॉक्टरांनी स्वतः अध्यक्षांना गाडीत घातलं, मी मागे बसले आणि आम्ही जवळच्या हॉस्पिटलात गेलो. वाटेत डायव्हर्जन. प्रत्येक खड्ड्याला अध्यक्ष पोट धरायचे आणि डॉक्टर आरशातून त्यांच्या पोटाकडे बघायचे.

"ह्हच्छ आहे का ते?" अध्यक्षांनी विचारलं.

"अठराशे वर्षांत कुणी धुतलेलं नाही," डॉक्टर अभिमानानं म्हणाले. मग चूक लक्षात येऊन म्हणाले, "म्हणजे, चांदी आहे. चांदी शुद्धच असते."

एक्स-रेत पोटाच्या जागी स्वच्छ गोल पांढरी चकती दिसली. तिथला डॉक्टर म्हणाला, धोका नाही, जठरात आहे, दोन-चार दिवसांत आपोआप बाहेर पडेल, लक्ष ठेवा. मी सुटकेचा निःश्वास सोडला. आमचे डॉक्टर मात्र स्क्रीनला नाक लावून उभे होते.

"थोडा कॉन्ट्रास्ट बढाओ," त्यांनी टेक्निशियनला सांगितलं. "मोर दिखता है क्या, देखते हैं."

तोवर अध्यक्षांची भूल उतरली होती. "डॉक्टर," ते शांतपणे म्हणाले, आणि त्यांचा तो शांतपणाच भीतीदायक होता, "मी मंडळाचा अध्यक्ष आहे. माझ्या पोटात तुम्ही एक परदेशी बाई टाकलीत. मी कंप्लेंट केली तर तुमचं लायसन्स राहील?"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. इथे लायसन्स गेलं म्हणजे व्हिसा गेला. परतताना त्यांनी मला एवढंच विचारलं, "वहिनी, जठरातलं आम्ल चांदीला काय करत असेल?"

पुढचे दिवस विचारू नका. रोज सकाळी दवाखाना उघडला की डॉक्टर मला फोन लावायला सांगायचे. स्वतः बोलायची हिंमत नव्हती.

"साहेब, नमस्कार. डॉक्टर विचारतायत, काही बातमी?"

"मीटिंगमध्ये आहे," असं म्हणून अध्यक्ष फोन ठेवायचे. एकदा मागून दहा-बारा माणसांचे आवाज येत होते, म्हणजे खरंच मीटिंग होती. डॉक्टर दाढा कोरता कोरता मध्येच थांबायचे. पेशंटना देवांच्या गोष्टी सांगायचं बंद झालं. भूल चढायची वाट बघत दोघंही छताकडे बघत बसायचे. एका जुन्या पेशंटनं बाहेर येऊन मला काळजीनं विचारलं, "इज ही ऑल राइट? ही डिडन्ट से एनिथिंग अबाउट नेप्च्यून."

आणि मग एके सकाळी अध्यक्षांचाच फोन आला. आवाजात साखर.

"वहिनी, पेढे खायला या. स्टेडियमचं काम मिळालं!"

"अभिनंदन, साहेब. आणि ते..."

"तेच तर सांगतोय! मी आत बसलो होतो. हातात मोबाइल. इकडे ई-मेल आला आणि तिकडे देवी आली. एकाच वेळी! वहिनी, ही साधी गोष्ट नाही. नळाच्या कामाची बातमी मला कुठे मिळावी? तिथेच!"

मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी हातातलं हत्यार ट्रेमध्ये टाकलं. "कधी आणून देतायत?"

मी परत फोन लावला. अध्यक्ष म्हणाले, "आणून? देवी घरात आलीय. आलेल्या देवीला कुणी बाहेर घालवतं का? कंप्लेंटचं मी विसरलो, त्यांना सांगा. तेही विसरू देत. खलास."

डॉक्टरांना इतकं चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "देवी? ह्या माणसाला ज्यूनो आणि जिलेबी यातला फरक कळत नाही! गिळली म्हणजे याची झाली? उद्या माझा चिमटा गिळला तर हा डेंटिस्ट होईल?" लायसन्स गेलं तर गेलं, पण नाणं घेऊन येणार, असं त्यांनी जाहीर केलं. आणि शुक्रवारी दुपारी मला घेऊन अध्यक्षांच्या अल मुंतझामधल्या फ्लॅटवर जाऊन थडकले. बरोबर बाई असली की आपण सज्जन दिसतो.

दार अध्यक्षांनी उघडलं. डॉक्टरांना बघून त्यांनी दोन्ही हात चौकटीवर ठेवले.

"कोण हाय रं?" आतून आवाज आला.

"कुणी नाही, आई."

"कुणी न्हाई तर कुणाशी बोलतूयास? आत घे की. उन्हाचं दारात उभं करत्यात व्हय माणसाला?"

अध्यक्षांनी हात काढले. आत हॉलच्या कोपऱ्यात, एसीच्या खाली, खुर्चीत एक म्हातारी बसली होती. नऊवारी, अंगावर शाल, कपाळावर मोठं गोंदण. सोलापूरकडच्या एका गावाहून त्यांना मुलानं इकडे आणलं होतं. मुलगा आणि सून दिवसभर कामावर, नातवंडं इंग्लिशमध्ये बोलणारी. शेजारी लाकडी देव्हारा. त्यात गणपती, अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक, आणि मध्यभागी, छोट्या पाटावर, ज्यूनो. हळदकुंकू लावलेली, समोर साखरेची वाटी. आणि अशी लखलखीत, की वाटावं आत्ताच सराफाकडून आणलीय.

डॉक्टरांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी फक्त पेशंटांच्या तोंडून ऐकला होता.

"घासलीत?"

"मंग? कुठनं आलीया ते ठाव हाय का तुमास्नी?" म्हातारी म्हणाली. "चिंच लावली, राखुंडी लावली, पार चकचकीत केली. मगच देवात बसवली."

डॉक्टर म्हातारीसमोर जमिनीवर बसले. "मावशी, बघू का जरा?"

"बघा की. देव बघायलाच असत्यात."

त्यांनी खिशातून भिंग काढलं, नाणं उचललं आणि बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "हसत नाहीये."

"हसत हुती व्हय?"

"हो. इथं एक रेघ होती."

"त्यो मळ हुता, लेकरा," म्हातारी सहज बोलली.

मला वाटलं आता हे रडणार किंवा भांडणार. अध्यक्षांनाही तसंच वाटलं असावं, ते सोफ्याच्या मागे जाऊन उभे राहिले. पण म्हातारीच पुढे वाकली. "ही सरस्वतीच हाय न्हवं? पायाशी मोर हाय म्हून म्या तसं धरलं. ह्यो आमचा काय सांगंना. नुसतं लकी हाय, लकी हाय म्हंतुया."

डॉक्टरांनी नाणं अलगद परत पाटावर ठेवलं. इतके दिवस त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. "सरस्वती नाही, मावशी. ही ज्यूनो. रोमच्या देवांच्या राजाची बायको."

"नवरा कुठाय?"

"तो माझ्याकडे आहे. डबीत. लफडेबाज आहे."

"देव?"

"देवांचा राजा. कधी बैल होऊन कुणाकडे जायचा, कधी हंस होऊन."

"बैल हून?" म्हातारीनं पदर तोंडाला लावला. "आन हिनं काय केलं?"

"त्या बायकांना शाप दिले."

"आन नवऱ्याला?"

"काही नाही."

"सगळीकडं त्येच हाय म्हना," म्हातारी म्हणाली आणि साखरेची वाटी ज्यूनोच्या दिशेनं आणखी थोडी सरकवली. "आन मोर?"

"हिनं नवऱ्यावर पाळत ठेवायला शंभर डोळ्यांचा राखणदार नेमला होता. तो मेला. मग त्याचे डोळे हिनं मोराच्या पिसाऱ्यावर लावले."

"म्हंजे क्यामेरं बशिवलं."

"अगदी तेच!" डॉक्टर आनंदानं ओरडले.

पुढचा अर्धा तास त्या दोघांनी रोमच्या समस्त देवांची अब्रू वेशीला टांगली. कोण कुणाबरोबर, कुणाचं मूल कुणाच्या मांडीतून निघालं, कुणी बापाला हाकललं. म्हातारीला एकाही गोष्टीचं आश्चर्य वाटलं नाही. प्रत्येक देवासारखा एकेक माणूस तिच्या गावात होता. अध्यक्ष एकदा म्हणाले, "आई, देवांबद्दल असं बोलू नये," तर म्हातारी म्हणाली, "तू गप. जिला गिळलंस तिचं नाव तरी ठाव हुतं का तुला?"

चहा झाला. म्हातारीनं पाटावरून नाणं उचललं आणि डॉक्टरांच्या हातावर ठेवलं. "न्या तुमची. ज्याची त्यानं न्यावी."

"आई!" अध्यक्ष म्हणाले.

"काम मिळालंया न्हवं? आता काय ऱ्हायलंय तुझं हिच्यापाशी?"

डॉक्टरांनी मूठ मिटली. मग म्हातारीनं सहज विचारावं तसं विचारलं, "आन तुमची कुठं असती?"

"माझी?"

"बायकू."

"नाशिकला."

"आन तुमी हितं. किती दिस?"

डॉक्टरांनी मुलीची शाळा सांगितली, मग कॉलेज सांगितलं, इथलं भाडं सांगितलं, वर्ल्ड कपमुळे काम किती आहे ते सांगितलं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं.

"बैल हून तरी जातासा का कवा?" तिनं विचारलं.

अध्यक्ष हसले. मीही हसले. डॉक्टर हसले नाहीत. ते मुठीकडे बघत होते. थोड्या वेळानं उठले, देव्हाऱ्यापाशी गेले, ज्यूनोला परत पाटावर ठेवलं, आणि ज्या माणसाला मी कधी उदबत्तीजवळ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं त्यानं तिथलं थोडं कुंकू बोटावर घेऊन त्या चकचकीत नाण्याला लावलं. नीट मधोमध लागलं नाही. मोराला लागलं.

"हितंच बसू दे म्हंता?" म्हातारीनं विचारलं.

"इथं तिच्याशी बोलणारं कुणीतरी आहे," डॉक्टर म्हणाले.

खाली गाडीत बसलो. गल्लीचं तोंड येताना उघडं होतं, आता तिथे लाल-पांढरे अडथळे आणि पिवळं हेल्मेट घातलेला एक माणूस. तो हातानं मागे जा, मागे जा सांगत होता. डॉक्टरांनी गाडी मागे घेतली नाही. इंजिन बंद केलं आणि फोन लावला. सवयीनं स्पीकरवर.

"अहो, आत्ता? काय झालं?"

"काही नाही. मी परत येतोय."

"सुट्टीला?"

"नाही. कायमचा. रविवारी नोटीस देतो."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"कुणाचा भलताच दात काढलात का?"

"नाही गं."

"मग?"

"मुंतझात एका मावशींकडे गेलो होतो," डॉक्टर म्हणाले आणि तिथेच थांबले. मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि खरं सांगायचं तर माझ्या नोकरीचा विचार करत होते.

"म्हणजे तुम्ही घरी जेवणार?" बायकोनं विचारलं.

"हो."

"रोज?"

"रोज."

हेल्मेटवाला आता काचेवर टकटक करत होता.

"मला जरा विचार करू द्या," बायको म्हणाली आणि फोन बंद झाला.

डॉक्टरांना वाटलं होतं, इतकी वर्षं ती 'कधी येताय' विचारतेय म्हणजे उत्तर तयारच असेल. मला काही त्यांची दया आली नाही. मनातल्या मनात मी त्या बाईंना नमस्कार केला.

शनिवारी दवाखाना चालू होता, पण डॉक्टरांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. रविवारी सकाळी त्यांनी नोटीस दिली. उत्तर आलेलं नसतानाच दिली. आणि दुपारी, आत एक आयरिश इंजिनियर तोंड उघडून पडलेला असताना, काउंटरवरचा फोन वाजला. पलीकडे डॉक्टरांच्या पत्नी. त्या कधी दवाखान्याच्या नंबरवर फोन करत नसत.

"ते कामात आहेत का?" त्यांनी विचारलं.

"देऊ का?"

"नको, तुम्हीच निरोप सांगा. म्हणावं, या. पण दवाखाना घरात काढायचा नाही. घरात मला माझी एक खोली केलीय, ती मी सोडणार नाही. आणि पोळ्या तुम्हाला करता येत नसतील तर शिकून या. तिकडे वेळ आहे."

मी आत गेले. ड्रिल चालू होतं. "डॉक्टर, नाशिकहून फोन होता. दवाखाना घरात नको म्हणतायत. त्यांची खोली त्या सोडणार नाहीत. आणि पोळ्या शिकून या म्हणाल्या."

डॉक्टरांनी ड्रिल बंद केलं. "पण त्याच्या आधी काय म्हणाली?"

"या म्हणाल्या."

"परत सांगा."

"या म्हणाल्या, डॉक्टर."

इंजिनियर तोंड उघडं ठेवूनच आमच्याकडे आळीपाळीनं बघत होता. डॉक्टरांनी मान हलवली, दिवा नीट केला आणि मास्क वर ओढला. नाकापर्यंत ओढून भागलं असतं, त्यांनी जरा जास्तच वर ओढला.